देवीची पांढरी बट

मे महिन्यातली दुपार, रत्नागिरीचं आमचं घर. बाहेर वारा पडलेला, सगळे जेवून आडवे झालेले आणि मी कॉम्प्युटरवर एक प्रोटीन फिरवत बसलेली...

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, मी पुण्याला पीएचडी करत होते तेव्हाची. काही प्रोटीनं डीएनएला घट्ट धरतात आणि कुठला जीन चालू, कुठला बंद ते ठरवतात. त्यातल्या एकाचं, पॅक्स-थ्रीचं, मॉडेल करायचं काम गाइडनी मला दिलं होतं.

माणसाच्या या प्रोटीनचा नेमका आकार हाती नव्हता. अशा वेळी त्याच्या लांबच्या नातेवाइकाचा साचा वापरतात. हा नातेवाईक कोण, तर पिकल्या आंब्याभोवती घोंघावतं ते चिलट! माणसाचं प्रोटीन त्या साच्यात इतकं चपखल बसलं, की मलाच कसंसं झालं.

मग हे प्रोटीन बिघडलं तर काय होतं, ते वाचायला घेतलं. कपाळावर पांढरी बट... फिकट निळे डोळे... काहींना जन्मापासून बहिरेपण... कोणीतरी परदेशात बसून आमच्याच घराचं वर्णन लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडे तिला देवीची बट म्हणतात. बाबांना आहे, पण त्यांचे कान तिखट. त्यांच्या थोरल्या बहिणीला, बनूआत्याला, बट आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. का, तर म्हणे आजोबांकडून नवस फेडायचा राहिला. बट हा देवीचा प्रसाद आणि बहिरेपण हा तिचा कोप, असं घरात ठरूनच गेलं होतं.

मॉडेलमध्ये मी एक अमिनो आम्ल बदलून पाहिलं. डीएनएवरची पकड तेवढ्यानेच ढिली पडली... आणि लाइट गेली.

काळ्या झालेल्या स्क्रीनमध्ये माझ्या खांद्यावरून एक चेहरा बघत होता. कपाळावर पांढरी रेघ. मी किंकाळीच फोडली!

मागे बनूआत्या उभी होती, हातांवर दादाचं महिन्याचं बाळ घेऊन. आई, वहिनी, दादा सगळे धावत आले, शेजारच्या काकूही कुंपणापाशी आल्या. बाळ मात्र शांत झोपलेलं. त्याच्याही कपाळावर तीच बट होती, आणि माझी किंकाळी न ऐकलेले घरात ते दोघंच होते.

बाळाचे कान तपासून घ्यायला हवेत, असं मी दादाला लगेच सांगितलं. तो भडकलाच. "तुझं मॉडेल ठेव पुण्याला. बारशापर्यंत तोंड उघडू नकोस."

आईने बाळ जागं झाल्यावर त्याच्या तोंडासमोर टाळी वाजवली, त्याने डोळे मिटले. "बघ, ऐकतो की! देवीने हात ठेवलान हो त्याच्या डोक्यावर." टाळीचा वारा लागला असेल, हे मी गिळलं. मलाही खात्री कुठे होती? या बाळाला ऐकू येतं की नाही, हे काही कुठलं मॉडेल सांगणार नव्हतं.

बारसं झालं त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. मी आत्या, तेव्हा नाव सांगायचा मान माझा. बाळाच्या कानाशी वाकून मी "कुर्र... श्रीरंग" म्हटलं आणि बायकांनी हसत माझ्या पाठीत धपाटे घातले.

बाळ जागं होतं, वर टांगलेल्या चिमण्यांकडे बघत होतं. मी पुन्हा म्हटलं. मग दुसऱ्या कानात, जवळजवळ ओरडून. हसू थांबलं... वहिनीचा चेहरा मला अजून आठवतो.

एवढ्यात बनूआत्या गर्दीतून पुढे आली. तिने बाळाला उचललं, त्याचा तळवा स्वतःच्या गळ्यावर दाबून धरला आणि घशातून एक लांबच लांब हुंकार काढला. तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला, भीतीच वाटली मला.

बाळाचे हातपाय थांबले. ते एकटक तिच्या तोंडाकडे बघायला लागलं, त्या फिकट निळ्या डोळ्यांनी.

आत्याने आपल्या कानाला बोट लावलं, मग त्याच्या. आणि 'नाही' अशी मान हलवली.

आई तिथेच खाली बसली. बऱ्याच वेळाने दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कान तपासायला कोल्हापूरला कधी जायचं, सांग."

तपासणी झाली, कानाची मशीन आली, पुढे मुंबईला कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं. आता श्रीरंग बोलतो, वाद घालतो, फोनवर डोकं खातो. बनूआत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली, तिच्याशी हे बोलायचं राहून गेलं.

आत्या, तुझ्या वेळी सगळे देवळात गेले गो. तुझ्यामुळे तो वेळेवर डॉक्टरकडे गेला.