आकाशातली एकेरी वाहतूक

आमच्या चाळीत बोलताना मध्येच थांबायची पद्धत होती. विमानाचा आवाज आला की माणूस ज्या अक्षरावर असेल तिथे थांबायचा, आणि आवाज गेला की पुढच्या अक्षरापासून सुरू करायचा. मागचं पुन्हा म्हणायचं नाही आणि काय बोलत होतो ते विचारायचं नाही. हात जिथे असेल तिथेच राहायचा. पोळी लाटणारीचं लाटणं थांबायचं, भांडणाऱ्या बायकांची बोटं हवेत राहायची. मग पुन्हा भांडण. कोणी ठरवून दिलं नव्हतं. चाळ घाटकोपरला होती, सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जायची, आणि त्यांच्यावर ओरडून घसे बसल्यावर लोकांनी हा मार्ग काढला होता.

त्याआधी दोनदा विमानतळाकडे अर्ज गेला होता. मसुदा वडिलांचा आणि खाली बावीस बिऱ्हाडांच्या सह्या. दोन्ही वेळा पत्र मिळाल्याचं कळवणारं उत्तर आलं. दुसरं वडिलांनी चाळीच्या सूचनांच्या तक्त्यावर चिकटवलं आणि विषय संपवला.

पन्नासच्या दशकाच्या मध्याला माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न ठरलं. मुलगा गिरगावचा, बँकेत कारकून. लग्न चाळीच्या चौकात मांडव घालून करायचं होतं. आईने एक मंगलाष्टक रचलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने पेन्सिलने चार ओळी लिहिल्या आणि पंधरा दिवस खोडल्या. मुलाकडची मंगलाष्टकं गुलाबी कागदावर छापून आली. आईचं छापलं नाही, कारण वडील म्हणाले, "इथे ऐकू कुणाला येणार आहे?"

आईने काकाला बोलावून घेतलं.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. रेल्वेत मालगाडीचा गार्ड, लग्न न केलेला, राहायला खालच्या मजल्यावर. आईने त्याला चार ओळी म्हणून दाखवल्या. तिसरी अशी होती:

आकाशातुन जा हळूच पथिका, माझी निघे लेक ती

काकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पथिक म्हणजे कोण, वहिनी? जावई?"

"विमान हो, भावोजी."

"विमानाला सांगताय, हळू जा म्हणून?"

"मग? अर्ज करून ऐकत नाही तर गाऊन सांगते. एवढी एक ओळ सलग ऐकू आली पाहिजे. बाकीच्या तीन गेल्या तरी चालतील."

काका म्हणाला, हा प्रश्न वाहतुकीचा आहे. त्याने एक जाड वही आणली, रकाने आखले आणि रोज गच्चीवर बसून विमानांच्या वेळा लिहायला लागला. महिनाभर लिहिल्या. वेळ, दिशा, इंजिनं किती. दिशेच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, 'अप'. मुंबईकडे येणाऱ्या गाडीला रेल्वेत अप म्हणतात. विमानं ठाण्याच्या बाजूने यायची, म्हणून अप.

ताईने विचारलं, "काका, एवढी आली ती परत जातात कुठून?"

"समुद्राकडून. उतरतात आपल्यावरून, उडतात जुहूवरून. एकेरी वाहतूक आहे ती, बाई."

महिन्याच्या शेवटी त्याने निष्कर्ष जाहीर केला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात धोक्याचं. सकाळी रस्ता मोकळा, एकही विमान नाही.

आई म्हणाली, "भावोजी, सकाळीपण असतात हो. माझ्या भात लावायच्या वेळेला एक जातं."

"नोंद दाखवा."

नोंद नव्हती. त्या महिन्यात काकाची ड्यूटी सकाळची होती. सकाळी गच्चीवर कोणी नव्हतं, म्हणून सकाळचे रकाने कोरे होते. हे त्या वेळी कोणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि वहीची प्रत मीच काढली होती. संध्याकाळचे गोरज मुहूर्त सोडून सकाळी नऊ बावन्नचा मुहूर्त धरला.

आईसाठी म्हणून काकाने वर आणखी एक व्यवस्था केली. तो गच्चीवर ठाण्याकडे तोंड करून उभा राहणार, हातात रेल्वेचे दोन झेंडे. हिरवा म्हणजे गा, लाल म्हणजे थांबा. मांडवाचं कापड एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं, म्हणजे आईला तो दिसेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी काका पूर्ण गणवेशात आला. शिट्टीसकट. ताईने त्याला पाहिलं आणि तिला हसू फुटलं. एकदा फुटलं की ते थांबायचं नाही, हे चाळीला माहीत होतं. मुंडावळ्या बांधणाऱ्या मावशीने तीनदा गाठ सोडून पुन्हा बांधली.

"हलू नकोस गं! नवरी आहेस की डोलकाठी?"

"काकाला आधी गच्चीवर पाठव ना. तो मालगाडी सोडायला निघालाय."

गिरगावची मंडळी आली. नवऱ्या मुलाचे वडील उंच, बारीक, नाटकवेडे गृहस्थ. कोणतंही नाटक पहिल्या रांगेत बसून बघायचं, असा त्यांचा लौकिक. त्यांचे भटजी मात्र घड्याळाचे पक्के होते. त्यांनी आईला बजावलं, "बाई, तुमचं एकच कडवं. नऊ एकावन्नला मी शेवटचं सावधान धरणार. तुमचं उरलं तर उरलं."

"उरणार नाही," आई म्हणाली.

अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या. गुलाबी कागदावरची मंगलाष्टकं झाली, एकही विमान आलं नाही. गच्चीवर काका पुतळ्यासारखा उभा, हिरवा झेंडा समोर धरलेला. वडील माझ्या कानात म्हणाले, "जमलं की रे याला." मुहूर्ताला तीन मिनिटं उरली तेव्हा भटजींनी आईकडे मान हलवली. आईने कापडाच्या कोपऱ्यातून वर पाहिलं. हिरवा होता. तिने सुरुवात केली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आईचा आवाज चांगला लागला होता आणि गिरगावच्या बायकाही बोलायच्या थांबल्या होत्या. तिसरी ओळ सुरू झाली.

"आकाशातुन जा ह—"

विमान मागून आलं. ठाण्याकडून नव्हे, कुर्ल्याकडून, काकाच्या पाठीवरून, नुकतंच उडालेलं, चारही इंजिनं पूर्ण ताकदीने चालू. काकाला ते डोक्यावरून पुढे गेल्यावर दिसलं. त्याने हिरवा टाकला, लाल उचलला आणि जाणाऱ्या विमानाच्या शेपटीला दाखवून जोरजोरात हलवायला लागला. तोंडात शिट्टी होती. ती ऐकू येत नव्हती, गाल फुगलेले दिसत होते.

खाली आई थांबली होती, तोंड 'ह' वर. चाळही थांबली. शंभरएक हात अक्षतांच्या मुठी उचलून जिथल्या तिथे. गिरगावच्या मंडळींना हा प्रकार नवा होता. ते इकडेतिकडे पाहायला लागले. एकाला वाटलं फोटो काढतायत, त्याने कोट सारखा केला.

भटजी गिरगावचेच. त्यांच्या घड्याळात नऊ एकावन्न झाले होते. त्यांनी तोंड उघडून मिटलं. बहुधा सावधान म्हणाले. अंतरपाट काढला. मुलाकडच्यांनी अक्षता टाकल्या. भटजींनी ताईला खूण केली, हार घाल.

ताई हार वर धरून उभी होती आणि हलत नव्हती. तीही त्याच चाळीत वाढलेली. भटजींनी घड्याळावर बोट ठेवलं. बावन्नला काही सेकंद उरले होते. ताईचे डोळे हसत होते, पाणी येईपर्यंत, पण हात तसेच. नवऱ्या मुलाने एकदा भटजींकडे पाहिलं, एकदा हाराकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढे आला, गुडघ्यात वाकला आणि हाराखाली डोकं घालून उभा राहिला. हार गळ्यात पडला. मुहूर्त साधला. त्यानंतर त्याने आपला हार तिला घातला.

विमान दूर गेलं.

"—ळूच पथिका, माझी निघे लेक ती," आई म्हणाली, आणि चौथी ओळ पुरी केली. भटजी काहीच म्हणाले नाहीत, तेव्हा चाळीने एका आवाजात स्वतःच सावधान म्हटलं आणि आपल्या अक्षता टाकल्या. लग्न लागून मिनिट झालं होतं.

वडिलांनी रुमाल काढला. आई कॅलेंडरच्या कागदाची घडी घालत होती, चारांची आठ, आठांची सोळा. ओळ तुटली होती. एक अर्धी विमानाआधी, एक अर्धी विमानानंतर, आणि जोडून ऐकणारे फक्त आम्ही, ज्यांनी ती पंधरा दिवस घरात ऐकलीच होती.

नवऱ्या मुलाचे वडील उठून उभे राहिले. त्यांच्या टोपीवर दोन्हीकडच्या अक्षता होत्या.

"वन्स मोअर!" ते ओरडले.

भटजी म्हणाले, "अहो, लग्न लागलं!"

"लागू दे. म्हणून काय नाटक थांबतं? विहीणबाई, वन्स मोअर! ती पथिकाची ओळ मला सबंध पाहिजे."

मांडवात हशा उसळला. पाठोपाठ सगळी गिरगावची रांग ओरडायला लागली. ताईने हसून हसून नवऱ्याचाच खांदा धरला. आईने घडी उलगडली, पण आधी वर पाहिलं. गच्चीवर काकाने तोंड फिरवलं होतं, आता कुर्ल्याकडे. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि विमानं वाऱ्याला तोंड करून, म्हणजे आपल्याच बाजूला उडतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याने सांगितलं. त्या क्षणी त्याने एवढंच ठरवलं होतं की ज्या बाजूने एकदा फसलो तिकडे बघायचं. हिरवा झेंडा वर गेला.

आईने चारही ओळी म्हटल्या. तिसरी तिने सावकाश म्हटली, एका श्वासात. मांडवात कोणी खोकलंही नाही. 'ती' वर आवाज जरा कापला, तोही स्पष्ट ऐकू आला.

शेवटचं अक्षर संपलं तेव्हा नवऱ्या मुलाच्या वडिलांनी दोन्ही हात वर केले.

"वा—"

काकाची शिट्टी झाली. लाल. त्यामागून विमान. चाळ थांबली. आणि या वेळी गिरगावही थांबलं, ज्याचा पेढा तोंडाशी होता तो पेढा धरून, नवऱ्या मुलाचे वडील हात वर करून, तोंड उघडं ठेवून. आई त्यांच्याकडे पाहत होती. विमान गच्चीवरून गेलं, डोंगरापलीकडे गेलं, आवाज विरला.

"—हवा!" ते म्हणाले.