शून्यबाईंच्या वर्गात नसलेला मुलगा

उत्तर चुकलं की बाई वहीत लाल शाईने शून्य काढत, आणि ते शून्य असं गरगरीत निघे की कंपास लावून काढल्यासारखं वाटावं. त्यावरून मुलांनी त्यांना शून्यबाई नाव ठेवलं, आणि मुलं मोठी होऊन बाप्ये झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत आठवी-नववीच्या अ तुकडीला गणित शिकवलं. छडी हातात धरली नाही. जीभ पुरेशी होती. "डोक्याचं झाकण घरून उघडून येत जा," असं त्या अगदी शांतपणे म्हणत, आणि पोरगं आठवडाभर मान वर करत नसे.

लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या धाकट्या बहिणीबरोबर राहत. संधिवाताने धाकटीचे पाय गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसून ती दिवसभर खिडकीतून रस्ता बघे आणि साऱ्या वस्तीची खबर ठेवी. बाहेरच्या खोलीत दाराच्या मागच्या बाजूला काळा फळा ठोकला होता. रोज चार वाजता नऊ मुलं शिकवणीला येत. दार उघडलं की फळा भिंतीकडे जाई, म्हणून शिकवणी चालू असताना कुणी आलं तर बाई दार उघडत नसत.

निवडणुकीच्या महिन्यात मागच्या मैदानावर सभा झाली. कर्ण्यांची तोंडं नेमकी यांच्याच खिडकीकडे. बाई वह्या तपासत होत्या. उमेदवार याच शाळेत शिकलेला, आता गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा व्यापारी. रस्ते, गटारं, दिवे सगळं सांगून झालं आणि मग तो थांबला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली.

"आठवीत होतो," तो म्हणाला, आवाज घोगरा झालेला. "बूट फाटले होते. गणिताच्या बाईंनी ते काढायला लावले, नाड्या बांधून माझ्याच गळ्यात अडकवले, आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. दिवसभर. येणारा-जाणारा हसत होता." मग तो रडला. चांगला हुंदके देऊन रडला. "मी बाईंना क्षमा केली. पण त्या दिवशी ठरवलं, या वस्तीतल्या एकाही पोराला बाहेर उभं राहू देणार नाही."

मैदानावर टाळ्यांचा नुसता कडकडाट.

धाकटीने डोळे पुसले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण असेल गं ही बाई?" त्या म्हणाल्या. "लाज वाटायला हवी होती तिला."

हा प्रश्न त्या रात्री घरोघरी पडला, आणि उत्तर शोधायला कुणाला फार वेळ लागला नाही. त्या काळच्या शाळेत गणित शिकवणारी बाई एकच होती.

दोन दिवसांनी शिकवणीला पाचच मुलं आली. तिसऱ्या दिवशी एक आई दारात येऊन उभी राहिली. मुलाची वही मागून घेतली, छातीशी धरली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याबद्दल आदर होता हो." एवढं बोलून ती रडायलाच लागली. बाईंना कळेना, हिला पाणी द्यावं की जाब विचारावा.

कोपऱ्यावरचा दुकानदार बाईंचाच विद्यार्थी. पावाची लादी देताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तो माझ्या वर्गात नव्हता," बाई म्हणाल्या. "मी अ तुकडीला शिकवत होते. तो ब मध्ये होता. तुला माहीत नाही? तू तर हजेरी क्रमांक चौदा."

"असेल बाई."

"असेल काय? नव्हताच."

"आता नाकारून काय उपयोग?" दुकानदार हळूच म्हणाला. "माणूस रडला हो सगळ्यांसमोर. चार लोकांत कोण उगाच रडतं?"

बाई घरी आल्या आणि खुर्चीवर बसून आठवत राहिल्या. वर्गाबाहेर उभी केलेली मुलं त्यांना एकूण एक आठवत होती. सहा होती. त्यातल्या एकीला उभं करायला नको होतं, हेही आठवत होतं. पण हा त्यात नव्हता, आणि बूट तर कुणाच्याच गळ्यात नव्हते.

त्या आठवड्यात एका सकाळी दाराच्या कडीला फाटक्या बुटांचा जोड लटकलेला दिसला. बाईंनी तो कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी चार जोड. त्यानंतर खिडकीच्या गजांनाही बांधलेले, लहान मुलांचे, बायकांचे, एक तर नवाकोरा. घड्याळवाला शेजारी म्हणाला, "बाई, माझी गिऱ्हाइकं हसतात हो. काहीतरी मिटवा." शनिवारी चार वाजता कुणीच आलं नाही. बाईंनी तरीही फळा पुसून ठेवला आणि पाच वाजेपर्यंत दार लावून बसल्या.

सोमवारी त्या उमेदवाराच्या कचेरीत गेल्या. बाकावर दोन तास बसल्या. आत बोलावलं तेव्हा तो उभा राहिला, खुर्ची सरकवून दिली, चहा सांगितला.

"बोला मावशी, काय काम काढलंत?"

त्याने ओळखलंच नव्हतं. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी कोण ते सांगितलं, दाराचं सांगितलं, शिकवणीचं सांगितलं. "तू ब तुकडीत होतास," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गणिताला सर होते. टक्कल असलेले."

"अरे हो! टकलू सर!" तो मनापासून हसला. "काय देवमाणूस होता! माझे बूट फाटले होते ना, तर त्यांनी स्वतःच्या मुलाचे आणून दिले. कुणाला कळू दिलं नाही. मधल्या सुट्टीत कागदात गुंडाळून दिले."

"मग?"

"मग काय बाई. पहिल्या दोन सभांत हीच गोष्ट सांगितली. लोक जांभया देत होते. तिसऱ्या सभेत जरा फिरवली." त्याने चहाची बशी त्यांच्याकडे सरकवली. "नाव तर मी कुणाचंच घेतलं नाही. तुम्ही हयात आहात हेही मला माहीत नव्हतं."

तो हे इतक्या मोकळेपणी बोलला की बाईंचा राग ओठांवरच राहिला. "हे तू जाहीर सांग," त्या म्हणाल्या. "चूक झाली तर खोडून पुन्हा मांडायचं असतं."

त्याने थोडा विचार केला, दारातल्या मदतनिसाकडे बघितलं. "बरोबर आहे तुमचं. गुरुवारी शेवटची सभा आहे. तुम्ही स्वतः या. सगळ्यांसमोर एकदाचं संपवून टाकू."

घरी येऊन बाई धाकटीला म्हणाल्या, "वाईट नाहीये गं तो. सांगणार आहे." निरोपाच्या समारंभात घातलेले कपडे त्यांनी कपाटातून काढले, इस्त्री केली. गुरुवारी न्यायला गाडी आली.

मैदान माणसांनी ओसंडत होतं. बाईंना स्टेजवर पुढच्या खुर्चीत बसवलं. उमेदवार बोलता बोलता थांबला, वळला आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"ह्याच त्या बाई," तो म्हणाला.

मैदानातून हुर्यो उठली. त्याने हात वर केला. "नाही! कुणी एक शब्द बोलायचा नाही. यांच्या दाराला बूट बांधणाऱ्यांनो, मला वाईट वाटलं. माझ्या मनात राग नाही. मी आज यांना भेटायला आलोय." आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. बाईंच्या कपड्यांवर ओल पसरली. अश्रू खरे होते, गरम होते.

कुणीतरी बाईंच्या हातात माइक दिला.

वर्गात बोलत तसा आवाज बाईंनी लावला. "हा मुलगा माझ्या वर्गात कधीच नव्हता," त्या स्पष्ट म्हणाल्या.

उमेदवाराने डोकं वर केलं. क्षणभर त्याने बाईंच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिथे काही शरम असेल म्हणून बाईंनी शोधलं. मग त्याने माइक हळूच काढून घेतला.

"बरोबर बोलल्या बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "मी यांच्या वर्गात कधी नव्हतोच. मी तर बाहेर उभा होतो."

मग जे झालं ते बाईंना नीट आठवत नसे. बायका ओक्साबोक्शी रडत होत्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून त्यांच्याकडे बोट करून ओरडत होता, आणि तो दुकानदाराचा बाप होता. एक पाण्याची बाटली येऊन खांद्यावर लागली. उमेदवाराने स्वतः आडवा येऊन त्यांना झाकलं, आणि त्यावर तर टाळ्या थांबेचनात. पोलिसांनी त्यांना मागच्या पायऱ्यांवरून उतरवलं. आणायला गाडी होती, सोडायला नव्हती. त्या कडेकडेने चालत घरी आल्या.

धाकटी खिडकीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. पदराने डोळे पुसून पुसून नाक लाल झालं होतं. बाई समोर बसल्या, बुटातून पाय काढले.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "ऐकलंस कसं फिरवलं ते?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"उभं केलं असशील गं. इतक्या वर्षांपूर्वीचं. विसरली असशील."

"मी विसरत नाही, तुला माहीत आहे."

"हो, पण इतका रडला गं तो," धाकटी म्हणाली. "माणूस इतकं खोटं रडेल का?"

बाईंनी तिला कचेरीतलं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, टकलू सरांसकट, कागदात गुंडाळलेल्या बुटांसकट. धाकटीने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर तसं." आजारी माणसाची समजूत काढावी तशी म्हणाली.

मतदानाच्या दिवशी बाईंनीच खुर्ची ढकलत तिला केंद्रावर नेलं. रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. बाईंसाठी नाही, खुर्चीसाठी. बाई आधी मत देऊन आल्या. मग धाकटीला आत नेलं, आडोशाशी खुर्ची लावली आणि पाठ करून उभ्या राहिल्या. बटण दाबल्याचा लांब आवाज आला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," धाकटी म्हणाली, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात तिने मान वळवून एकदाही मागे बघितलं नाही.

तो साडेअकरा हजारांनी निवडून आला. मिरवणूक खिडकीसमोरून गेली तेव्हा त्याने खिडकीकडे न बघताच दोन्ही बाजूंना हात हलवला. धाकटीनेही हात हलवला, आणि बाई खुर्चीमागे आहेत हे आठवून तो हात केसांवरून फिरवला.

बाईंनी खुर्ची खिडकीपासून मागे ओढली नाही. त्या आत गेल्या आणि दोघींसाठी चहा ठेवला.