धड फोटो

फोटोमास्तर; जन्म १९४१, मृत्यू २०१४. परवाना कचेरीच्या फाटकासमोरील आठ फूट रुंद दुकानात त्यांनी तेहतीस वर्षे ओळखपत्रांचे फोटो काढले. कान दिसले पाहिजेत, मान सरळ, हसायचे नाही. त्यांचा एकही फोटो कचेरीने परत पाठवला नाही. अभिमान बाळगावा असे त्यांच्यापाशी एवढेच होते.

पुढे कचेरीने स्वतःचेच कॅमेरे बसवले आणि दुकानाला कुलूप लागले. माळ्यावर झटपट फिल्मची बावीस पाकिटे उरली, प्रत्येकी आठ फोटोंची. ही फिल्म कॅमेऱ्यातून बाहेर पडते आणि हातातल्या हातात चित्र उमटते. कारखाना बंद पडला होता, असलेल्या मालाची मुदत उलटली होती. शिळे रसायन कागदावर सारखे पसरेना. आकाश जांभळे येई, कोऱ्या भिंतीला फांद्या फुटत. मास्तरांना त्याचे वेडच लागले. ओला फोटो ते किटलीवर शेकवीत, बर्फात पुरून ठेवीत, अंगठ्याने दाबून रंग सरकवीत. जन्मभर नियमाने चाललेला माणूस उतारवयात योगायोगाच्या नादी लागला.

पत्नी आजारपणाने निम्मी झाली, तेव्हा एकदा म्हणाली, "अहो, माझा एक धड फोटो काढा की."

"धड फोटो काय, कुणीही काढतं."

"मग कुणीही व्हा थोडा वेळ. मागच्या फोटोत मला तीन डोळे आलेत. मी गेल्यावर लेकीनं भिंतीवर काय भूत लावायचं?"

"आई, मी काढते ना मोबाइलवर," लेक म्हणाली.

"नको. अख्ख्या गावाचे यांनी काढले. माझाही यांनीच काढायचा."

मास्तरांनी शब्द दिला. शेवटच्या पाकिटातला शेवटचा कागद तिच्यासाठी राखून ठेवला. रविवारी सकाळी तिने ठेवणीतले कपडे घातले, दोनदा केस विंचरले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसली.

"मान सरळ. हसायचं नाही," मास्तर सवयीने म्हणाले.

कागद बाहेर आला. आधी कान उमटले, मग कपाळ, मग डोळे. सारे जागच्या जागी. आणि मास्तरांचा अंगठा आपसूक मधोमध टेकला. गाल ओघळून हनुवटीखाली गेला. इथवर हाताची सवय म्हणून क्षमा झाली असती. पण मास्तरांनी फोटो उजेडात धरला.

"बघ तरी, काय सुरेख उतरलंय. ठरवून जमलं नसतं हे."

तिने तो बराच वेळ न्याहाळला. "आहे खरं सुरेख. फक्त त्यात मी नाही."

सात आठवड्यांनी ती गेली. लेकीने रुग्णालयाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. तो नोंदणीच्या खिडकीवरील कारकुनाने मान वर न करता काढलेला होता. कान दिसत होते, मान सरळ होती. मास्तर रोज सकाळी त्याची काच पुसत. तक्रार करायला जागा नव्हती.

मास्तरांच्या मागे एक प्रदर्शनवाले गृहस्थ घरी आले. एकशे शहात्तर फोटोंपैकी एकशे पंचाहत्तर त्यांनी नेले. उरलेला एक लेकीने त्यांना दिला नाही आणि घरातही कधी लावला नाही.