पातेऱ्याचा पंचनामा

लाटंबार्से गावातल्या एका काजूवालीने राखीव जंगलातला पातेरा चोरला, असा गुन्हा मी नोंदवला. तो पातेरा तिने गोळा केला नव्हता. एका सापाने केला होता.

हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरा कोणीतरी सांगेल. आमच्या खात्यात माझ्या गोष्टी सांगायला माझ्यापेक्षा जास्त उत्सुक असलेले लोक बरेच आहेत.

मी वनरक्षक. गाव पार्से, घरी चार माड आणि बाकी सगळी काजूची झाडं, आमच्या भाषेत काजी. काजूचा हंगाम आला की झाडाखालची गळलेली पानं, म्हणजे पातेरा, झाडून त्याचे ढीग करायचे, म्हणजे पडलेली बी लांबूनसुद्धा दिसते. हे ढीग बघत मी लहानाचा मोठा झालो. सगळ्या जगात मला एकाच विषयातलं कळतं असं कोणी म्हटलं असतं, तर तो विषय पातेऱ्याचा ढीग हा होता. त्यातच मी नापास झालो.

नोकरीची पहिली वर्षं हरमलच्या किनाऱ्यावर गेली. तिथे कासवीण वाळूत अंडी घालून जाते आणि आम्ही त्या जागेला दोरी बांधून राखण करतो. एकदा मी अशी एक जागा चार दिवस राखली, येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना हळू चालायला लावलं, एका फिरंगी बाईला तर मातृत्वावर भाषणही दिलं. पाचव्या दिवशी शेजारचा शॅकवाला आला आणि दोरीच्या आत हात घालून लिंबूसोड्याच्या बाटल्या उपसायला लागला. ओल्या वाळूत थंड राहतात म्हणून त्याने त्या पुरल्या होत्या. त्यानंतर माझी बदली अभयारण्यात पाणवठ्यावर झाली, आणि तिथून डिचोलीच्या डोंगरावर. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, आम्ही दिवसभर जीपमधून वाघ शोधत फिरतो. प्रत्यक्षात सकाळी फोन वाजतो आणि कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर असतो. तो पोत्यात घालून आणेपर्यंत दुसरा फोन: गवा भातात उतरलाय. तिसरा: माकड स्वयंपाकघरात बसून पाव खातंय, दार बाहेरून लावलंय, आता काय करू? आणि उन्हाळ्यात या सगळ्यावर आगीचं काम. जंगलाच्या कडेने पातेरा झाडून मोकळी पट्टी काढायची, म्हणजे आग लागली तर पट्टीपाशी थांबते. त्या वर्षी साहेबांची, म्हणजे आमच्या रेंज ऑफिसरांची, सक्त ताकीद होती: हद्दीच्या आत पातेऱ्याचा ढीग दिसला, की तो कोणीतरी पेटवायला करून ठेवलाय असं समजा आणि नोंद करा.

एप्रिल संपत आला होता. हद्दीच्या दगडाच्या आत पंधरा पावलांवर, बांबूच्या बेटाखाली, मला ढीग दिसला. दगडाच्या बाहेर एकाच माणसाच्या काजी होत्या. माणसाच्या म्हणजे बाईच्या. साठी कधीच ओलांडलेली, नवरा वारल्यापासून एकटी काजी राखणारी. मला तपास करावा लागलाच नाही.

पंच म्हणून मी खालच्या रस्त्याच्या कामावरचे दोन बेळगावकडचे कामगार बोलावले. टेप लावला. उंची दोन फूट, घेर बारा फूट. मग एक पाय ढिगावर रोवून, मारलेल्या वाघावर शिकारी ठेवतो तसा, मी फोटो काढून घेतला. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

पंचांपैकी एकजण खाली वाकून बघत होता. म्हणाला, "साहेब, पानं एवढी दाबून कोण ठेवतंय वो? फावड्यानं थापटलं तरी अशी बसत न्हाईत."

"तू सही कर," मी म्हणालो.

तेवढ्यात ती बाई काजूची टोपली कमरेवर घेऊन आली. तिला मी कागद वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला आणि टोपली खाली ठेवली.

"गार्डा, ही पानां कोणाची?"

"तुमची, मावशी."

"अरे, झाडाची रे, झाडाची! ही कोंड्याची पानां. माझ्या काजींत कोंडो खय आसा? दाखव एक तरी."

कोंडो म्हणजे बांबू. तिचं म्हणणं अगदी खरं होतं. ढिगात काजूचं एक पान नव्हतं. यावर मी काय करावं? मी पेन काढलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'सदर पातेरा जंगलातील बांबूचा असल्याचे आरोपीने स्वतः कबूल केले.'

तिने टोपली पुन्हा कमरेवर घेतली. मग म्हणाली, "पन्नास वर्सां काजी येचतंय. दुसऱ्याच्या कुंपणातली एक बी उचललंय नाय. तू माझां नाव चोरांत लिवलंस. ता नाव काढल्याशिवाय तुका मी सोडूचंय नाय."

अशा धमक्या रोज मिळतात. मी कागद ऑफिसात देऊन टाकला आणि अजगर आणायला गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा ती ऑफिसच्या दारात उभी. कोणाला काही विचारलं नाही. सरळ माझ्यासमोर आली.

"चल. चोर गावलो."

"कोण आहे?"

"चल म्हणतंय मा? पाय नसल्यासारखो बसलंस तो."

वाटेत कळलं ते एवढंच, की चार दिवस ती शेवटची काजू वेचायची सोडून, मांडीवर कोयता घेऊन, हद्दीच्या दगडाशी चोराची वाट बघत बसली होती. दगड आला तशी तिने माझी बाही धरली आणि मला काजीच्या खोडामागे ओढलं. "आता तोंड बंद ठेव. जमता काय बघ."

आधी मला फक्त पानं हलताना दिसली. मग पानांखालचा जमिनीचा रंगच सरकला. शेवाळासारखा काळपट हिरवा, त्यावर फिकट पट्टे, आणि संपतच नव्हता. नागराज, म्हणजे किंग कोब्रा. मादी. पुस्तकात मी शंभरदा बघितला होता; पुस्तकात तो पानाच्या कडेला संपतो, इथे मला शेपूट कुठे आहे ते शोधावं लागलं. बारा फूट तरी असेल. अंगाचा पुढचा भाग तिने वाकवला, कोपरात वस्तू धरतात तसा, त्या बाकात ओंजळभर बांबूची पानं पकडली, आणि मागे मागे सरकत ती ढिगाकडे ओढत नेली. वर चढली. पानं सोडली. मग ढिगावर गोल फिरून अंगाच्या वजनाने ती दाबून बसवली. पुन्हा खाली. पुन्हा ओंजळभर.

हे मी किती वेळ बघत होतो देव जाणे. मग माझ्या लक्षात आलं, की ती पानं सगळीकडे टाकत नाहीये. एकाच जागी टाकतेय. ढिगाच्या डाव्या अंगाला, जिथे एक खळगा होता. बुटाएवढा.

माझाच बूट होता तो. पाच दिवसांपूर्वी मी पाय रोवला तेव्हा ती कुठे होती? पाण्यावर गेली होती, की माझ्या तळव्याखाली हातभर खोल वेटोळं घालून पडली होती? मला अजून माहीत नाही. तो विचार आला की अजून माझा डावा पाय थंड पडतो.

काहीतरी वाजलं असावं, बहुतेक माझे दात. ती थांबली आणि उठली. कमरेएवढी उठली, फणा अरुंद आणि लांब, आणि आमच्याकडे बघितलं. फुत्कार म्हणतात तसा तो नव्हता. लांबवर कुत्रा गुरगुरावा तसा खोल आवाज. पण राग म्हणावा असं काही नव्हतं त्यात. दारातल्या बाईने परक्याकडे बघावं तसं ती बघत होती. मी खाली बसलो. म्हातारी उभीच होती. तिने हलकेच हात जोडले.

नागराज पुन्हा खाली झाली आणि कामाला लागली.

"हात नाय, पाय नाय," म्हातारी पुटपुटली, "आणि कशां बांधता बघ."

आम्ही परत निघालो. काजींतून बाहेर आल्यावर ती थांबली. "बघलंस? आता माझां नाव काढ."

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, ढिगावर पाय ठेवलेला माझा फोटो पुन्हा एकदा नीट बघितला, आणि डोळे मिटले.

"प्रकरण फाडून टाकूया, साहेब."

"नोंदवहीच्या पानांना नंबर आहेत. फाडता येत नाही. बंद करता येतं, पण पुरावा लागतो."

"पुरावा तिथे फणा काढून बसलाय."

"मग त्याची सही आण."

शेवटी ठरलं असं: समोरच्या झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधायचा, अंडी फुटेपर्यंत लांबून राखण करायची, आणि सगळं नोंदवून मगच प्रकरण बंद करायचं. राखण अर्थात माझ्याकडे आली. पहिल्या आठवड्याचे फोटो साहेबांनी सगळ्यांसमोर उघडले. एकूण एकेचाळीस. त्यातल्या अडतिसांत माझाच चेहरा होता. कॅमेरा नीट चाललाय ना हे बघायला मी पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर जात होतो. पण उरलेल्या तीन फोटोंत ती होती. एकात वेटोळं घालून ढिगाच्या माथ्यावर, डोकं अंगावर टेकवलेलं. ऑफिसात कोणी हसलं नाही मग.

म्हातारी रोज यायची. हद्दीच्या दगडाजवळच्या तिच्या सात-आठ झाडांखालची काजू तशीच पडून कुजली; तिकडे ती गेली नाही, कोणाला जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, मावशी, तुम्ही कशाला? मी आहे ना.

"तू आसस म्हणानच येतंय."

पाऊस लागला. डोंगरावरून पाणी लोटत होतं, आमच्या ऑफिसात टेबलावर बादली ठेवली होती, आणि तो ढीग तसाच. वरची पानं काळी पडून कौलासारखी एकावर एक बसली होती, पाणी घरंगळून बाजूने जात होतं. म्हातारी छत्री धरून बघत राहायची. "माझ्या घराक दर वर्सा नवां प्लास्टिक घालूक लागता," एकदा म्हणाली. "हिका इचारूक होया, पानां कशी लायतस ती." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. एखाद्या हुशार शेजारणीबद्दल बोलावं तसं ती बोलली.

जवळजवळ दोन महिने ती मादी काही न खाता बसून होती. हरमलला त्या फिरंगी बाईला मी मातृत्व म्हणजे काय ते सांगितलं होतं, याची मला तिथे बसल्याबसल्या फार लाज वाटायची.

मग एका सकाळी ढीग रिकामा. माथ्यावर वेटोळ्याचा गोल खळगा तेवढा राहिला होता. म्हातारी घाबरली. कोणी मारलं तर नाही? साहेबांनी फोनवर सांगितलं, घाबरू नका, पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की मादी निघून जाते. नागराज दुसरे साप खातो. भुकेल्या पोटी आपलीच पिल्लं समोर येऊ नयेत म्हणून ती जाते, असं जाणकार म्हणतात. खरं कारण तिलाच ठाऊक.

म्हातारीने ते ऐकून त्या रिकाम्या खळग्याकडे बघितलं. "एवढां करून तोंडसुद्धा बघूक नाय पोरांचां," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उघडीप होती. साहेबही आले होते, म्हातारी होतीच. नऊच्या सुमाराला ढिगाच्या डाव्या अंगातून, जिथे माझा बूट रुतला होता त्याच्या वरच्या बाजूने, एक डोकं बाहेर आलं. पेन्सिलीएवढं जाड, काळं कुळकुळीत, त्यावर पिवळे पट्टे, ओलं. जगात येऊन त्याला एक मिनिटही झालं नव्हतं, आणि ते आम्हाला बघून उभं राहिलं, फणा काढला. हातभराचं पिल्लू, त्याची ती ऐट बघून साहेब एक पाऊल मागे सरले. मी तर आधीच मागे होतो. मग दुसरं, तिसरं. दुपारपर्यंत तेवीस मोजली. कोणी शिकवायला नाही, वाट दाखवायला नाही, आणि प्रत्येकजण आपापल्या दिशेला पानांत शिरून नाहीसा होत होता. रोज फोनवर अजगर, गवे, माकडं करून करून जंगल म्हणजे कामाची यादी वाटायला लागलेला मी, त्या दिवशी शेवटचं पिल्लू गेल्यावरही टोपी काढून तसाच उभा होतो. टोपी कधी काढली तेही आठवत नाही.

नवा पंचनामा दगडावर बसूनच लिहिला. साहेब म्हणाले, पातेरा कोणी गोळा केला ते स्पष्ट लिही. मी लिहिलं: 'सदर पातेरा मादी नागराजाने स्वतः गोळा केला. यापूर्वी नमूद केलेल्या महिलेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. चूक माझी आहे.' साहेबांनी नोंदवही बरोबर आणली होती. म्हातारीसमोर जुनं पान उघडलं, तिच्या नावावर लाल शाईची रेघ मारली, बाजूला सही केली.

"पहिली पंच म्हणून तुम्हीच सही करा, मावशी," ते म्हणाले.

"आधी वाच," ती मला म्हणाली.

मी वाचलं. 'चूक माझी आहे' हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग पेन घेऊन, एकेक अक्षर नीट सुटं काढत, तिने स्वतःचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद लांब धरून बघितला. आधी आपलं नाव बघितलं, मग माझं सगळं लिखाण.

"अक्षर बरां आसा रे तुझां," ती म्हणाली. "आता डोळे तेवढे दाखव खय तरी."