संगमावर बुडलेली बहीण

समुद्राचं खूळ लेकीचं. वर्गातल्या सगळ्यांचं करून झालंय म्हणे: किल्ला, डॉल्फिन, स्नॉर्केलिंग आणि ते छत्रीला लटकून आभाळात जायचं. मी म्हटलं, अगं वेडे, लोक महिनाभर आधी बुकिंग करून जातात ते तुझ्या मामाचं गाव! सात वर्षं गेले नव्हते. कधी परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. भीत भीतच फोन केला, तर भाऊ म्हणाला, "ये गो, इचारतंस काय? घर तुजाच आसा." माझा ऊर भरून आला. लेकीला एकदा दाखवायचं होतं, की तिची आई इथली कुणीतरी आहे.

पहिला दिवस झकास गेला. किल्ला झाला, बांगडे झाले. स्नॉर्केलिंग करताना लेक घोटभर खारं पाणी पिऊन वर आली आणि पुन्हा जायचं म्हणून नाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या बोटीतून डॉल्फिन बघायला निघालो. सोबत आणखी आठ पर्यटक. किनाऱ्यावरच भाऊ मला म्हणाला, "मॅडम, लाइफ जॅकेट घेऊन बसा." मॅडम! तेही शाळामास्तरांच्या मराठीत. मेला चेष्टा करतोय असं वाटून मी हसले. तो हसला नाही.

खाडी समुद्राला मिळते तिथे त्यानं इंजिन मंद केलं. जॅकेटं सगळ्यांच्या मांडीवर पडली होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "इथेच माझी सख्खी बहीण बुडाली. बारा वर्षांची होती. मी हात धरला होता, पण सुटला."

अरे देवा! बुडत होता तो. नऊ वर्षांचा, फुशारकी मारत उडी टाकलेला. केसांना धरून ओढला होता मी, आणि घरी मारही मीच खाल्ला होता.

शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझाच हात घट्ट धरला. सगळ्यांनी मुकाट जॅकेटं चढवली, आणि मी, खुळ्यासारखी, माझंही बक्कल लावलं. लेक कानात म्हणाली, "आई, मामाला अजून एक बहीण होती?" डॉल्फिन दिसले म्हणतात. मी पाहिले नाहीत.

किनाऱ्याला लागल्यावर त्याला बाजूला ओढलं. "माका मारलंस रे? जित्या बहिणीक?"

"हळू बोल गो," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "लोक ऐकनत नाय. तू बुडलंस म्हटल्यार जाकीट घालतत."

"कधीपासून सांगतस ह्या?"

"चार वर्सा झाली. तेवा माका काय म्हायत, तू बोटीत येवन बसतलंस म्हणान."

म्हणजे चार वर्षं रोज, फेरीफेरीला, हा मला त्या पाण्यात सोडत होता; आणि त्याच तोंडानं फोनवर घर तुझंच म्हणाला होता. संतापानं ओरडायचं होतं, पण तोंडातून निघाली ती विनवणी.

"मग पुढच्या फेरीपासून माका वाचव. गोष्टीत तरी वाचव रे."

तो खरंच विचारात पडला. पुढचे पर्यटक वाळूतून येताना दिसत होते.

"तू वाचलंस," तो म्हणाला, "तर जाकीट कोण घालतलो?"