वाघदेवापासून वीस पावलं

भिवा गेल्याची बातमी कमळीवहिनीने आणली, पण तो गेला असं काही ती म्हणाली नाही. नवरात्राची सहावी माळ होती. शाळेच्या ओट्यावर पोरं खिचडी जेवत होती. डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवताच ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, भिवादादा ओ देत नाय." मी म्हणालो, ऐकत असेल. गॅसची मोठी लाइन आमच्या पाड्याच्या कडेने जमिनीखालून जाते आणि भिवा त्या लाइनवर रोज पायी फिरणारा राखणदार होता. जागोजाग थांबून, मातीवर तळवा टेकवून बसायची त्याला खोड होती. आम्ही त्याला 'ऐकणं' म्हणायचो. वहिनी म्हणाली, "सकाळी जाताना हाक दिली, तवा पण ऐकत होता. आता येताना पण तसाच. हातावर नाकतोडा बसलाय, त्याला उडवत नाय…"

मी धावत गेलो. वाटेकडेच्या वाघदेवाच्या दगडाला पाठ लावून तो बसला होता, काठी मांडीवर आडवी, उजवा तळवा जमिनीवर सपाट, मान किंचित खाली. बोलावलं तर आत्ता उठेल असा. सकाळपासून त्या वाटेने अर्धा पाडा गेला होता. जो तो हाक मारून गेला आणि प्रत्येकाला वाटलं, माणूस कामात आहे. जव्हारला डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थांबलं, तेही उजाडताच. म्हणजे दुपारपर्यंत आम्ही सगळे एका मेलेल्या माणसाला रामराम घालत होतो. पाड्यात लगेच कुजबुज सुरू झाली, लाइनने त्याला ओढून नेला. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर हसणारा. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही, कारण तो तिथे का बसला होता हे पाड्यात फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही दोघं आश्रमशाळेत एका चटईवर झोपून मोठे झालो. मी डीएड करून गावातच मास्तर झालो. तो दहावीला आपटला आणि नाशिककडे द्राक्षबागांवर मजुरीला जाऊ लागला. त्याच सुमारास लाइन आली. जामसरच्या अलीकडून माळ कापत, जंगल कापत एक सरळ पट्टा निघाला. नळ पुरले, माती लोटली, माणसं निघून गेली आणि मागे राहिली ती झाड नसलेली जमीन. आमच्या डोंगरात सरळ असं काहीच नसतं, वाट नाही, बांध नाही, ओहोळ नाही. त्यामुळे तो पट्टा बघताना मला आजही कसंतरीच होतं. खालून काहीतरी अहोरात्र वाहतंय, त्याला आवाज नाही, वास नाही, आणि वर आपली ढोरं चरतायत. म्हाताऱ्या बाया पट्टा ओलांडताना पायातल्या चपला हातात घ्यायच्या. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आता जे लिहितो ते आजवर लपवलं होतं. खोदाईच्या वेळी वाघदेवाचा दगड हलवावा लागला होता. कंत्राटदाराने नारळ-कोंबडा दिला, दगड बाजूच्या करवंदीच्या जाळीपाशी नेऊन ठेवला आणि काम संपल्यावर नेमक्या देवाच्या जागी लाइनचा पिवळा खांब रोवला. 'खाली गॅस आहे, खोदू नका' असं सांगणारा, नंबर घातलेला खांब. त्या वर्षी दिवाळीतल्या वाघबारशीला दूधभात घेऊन ढोरकी, म्हणजे गुरं राखणारी पोरं, जमली, पण निवद दाखवायला कोणी पुढे होईना. भगत म्हणाला, "देव हाय तठं उभा नाय, न् उभा हाय तठं देव नाय." त्या उन्हाळ्यात तीन वासरं बिबट्याने नेली होती, माणसं घाबरलेली. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, खांब काय, इथे असला काय आणि तिथे असला काय! पहार आणून खड्डा मी खणला, खांब भिवाने धरला. देव त्याच्या जागी आला आणि खांब गेला वीस पावलं खाली, बांधाच्या कडेला. मग तेरी भी चूप, मेरी भी चूप.

पुढे भिवालाच लाइनवर नोकरी लागली. नियतीला विनोद कळतो असं तेव्हा मी म्हणालो होतो. त्याला चमकणारं जॅकेट मिळालं, काठी मिळाली, चार दिवसांचं शिक्षण मिळालं, आणि ते त्याने आमच्यापेक्षा मन लावून घेतलं. चैत्रात राब भाजायचे दिवस आले, की पेरणीच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा रचून लोक पेटवायला निघत आणि हा आडवा उभा राही. "अठं नाय भाजायचा. वर सरका." लोक चिडायचे. "खांब तठं खाली हाय, तू अठं काय अडवतोस?" तो वाघदेवाकडे बघायचा, पावलं मोजायचा आणि काठीने रेघ ओढायचा. पाड्याला वाटे, जॅकेट अंगात आलं की माणूस माजतो. मी तिथेच उभा असायचो, राबाचा पाला हातात घेऊन, गप्प.

माझ्या शाळेत येऊन पोरांना मात्र तो छान सांगायचा. घरच्या सिलेंडरला वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, मोठ्या लाइनीतल्या गॅसला बहुधा तो नसतो, तेव्हा नाकावर जाऊ नका. वारा नसताना धूळ उडाली, चिखलात बुडबुडे आले, साप नसून फुसफुस ऐकू आली, हिरव्या रानात एवढंच गवत वाळलं, तर तिथे थांबायचं नाही. काडी ओढायची नाही, मोटारसायकलला किक मारायची नाही, मोबाइलही लावायचा नाही. वारा येतो त्या बाजूला लांब जायचं आणि मग लाइनच्या पाटीवरच्या नंबरला फोन करायचा. "न् मग गुरुजींना सांगायचा," असं शेवटी म्हणून तो माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचा. त्या डोळे मिचकवण्याचा मला राग यायचा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो घरी आला. चहा घेतला नाही. "गुरुजी, वाघदेवाकडचा गवत बघितलास?" मी बघितलं होतं. सगळा माळ कमरेएवढा हिरवा आणि देवाच्या पायाशी सुपाएवढा भाग पिवळा पडलेला. मी म्हणालो, शेंदराने जळलं असेल. तो म्हणाला, "शेंदूर काय यंदाच लावला?" त्याने आठवडाभरापूर्वीच लाइनच्या ऑफिसला कळवलं होतं. सवयीने खांबाचा नंबर दिला, आणि हा खोडाळ्याच्या बाजाराला गेला असताना माणसं आली. त्यांनी खांबाभोवती यंत्र फिरवलं, काही सापडलं नाही, 'ठीक आहे' लिहून गेली. ठीक असणारच, तिथे लाइनच नव्हती. "आता खरा सांगायला लागंल," भिवा म्हणाला. "मी एकटा सांगितला तर म्हणतील, नोकरीला लागल्यापासून लपवलास. तू बरोबर चल. दोघांनी हलवला, दोघं सांगू."

माझं नाव तेव्हा केंद्रप्रमुखपदाच्या बढतीसाठी वर गेलं होतं, यादी निघायची होती. सरकारी खांब उपटणारा मास्तर… मला नोटीस दिसली, पेपरातली बातमी दिसली. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांब, यादी निघू दे. त्याने अंगणातल्या पेटत्या चुलीकडे बघितलं. मग म्हणाला, "दसऱ्यापर्यंत. तवर मी तठं बसतो. कोणी विडी पेटवायला नको." सगळ्यांना लांब जायला सांगणारा माणूस स्वतः तिथे जाऊन बसला, आणि त्याला तिथे मी बसवला. मी त्याला मारलं असं डॉक्टर म्हणणार नाहीत. पण त्याच्या शेवटच्या सहा सकाळी मी घेतल्या, एवढं मला माहीत आहे.

क्रियाकर्माला थांबलो नाही. माती देऊन आलो आणि लांब टेकाडावर जाऊन पाटीवरच्या नंबरला फोन केला. म्हटलं, तुमचा खांब खोटा आहे, तो मी हलवलाय, लाइन वाघदेवाखाली आहे. पलीकडच्या माणसाने एकच विचारलं, "आत्ता तिथे कोणी आहे का?" मी नाही म्हणालो.

तासाभरात गाड्या आल्या, लांबच उभ्या राहिल्या. देवापाशी जाताच यंत्र कलकलायला लागलं. नळाला बारीक भोक पडलं होतं. सगळा पाडा त्यांनी दोन दिवस लांबच्या उतारावरच्या माझ्या शाळेत हलवला. आमच्या घरांवर धूर नाही असा दिवस मी जन्मात पाहिला नव्हता. चुली थंड, दारं सताड, कोंबड्या ओट्यांवरून आरामात फिरतायत आणि माणूस एक नाही. शाळेच्या ओट्यावरून आम्ही आमचाच पाडा बघत होतो आणि सगळेच मेल्यावर तो कसा दिसला असता ते समोर होतं. भिवाची बायको तेवढी म्हणाली, "यांना हेच दिसत असंल रोज."

नळ दुरुस्त झाला. खांब आता देवाच्या शेजारी आहे, यंदाच्या वाघबारशीला दोघांनाही शेंदूर लागला. मला चौकशीची नोटीस आली. यादीही आली. ती भिवा गेला त्याच्या आदल्या दिवशीच निघाली होती आणि माझं नाव तिच्यात होतं. मला हे कळायला आठवडा लागला.

शाळेत जाण्याआधी मी रोज तिथे थांबतो. बसतो, तळवा टेकवतो. मला काही ऐकू येत नाही. भिवाला तरी येत होतं की नाही, देव जाणे. गवत पुन्हा हिरवं झालं आहे. बाया भारे घेऊन जातात, हाक मारतात, "गुरुजी, बसलात का?" पण आता त्या पुढे जात नाहीत. पुढची थांबते, मागच्या थांबतात, डोक्यावर ओझं तसंच, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात… मी ओ देईपर्यंत.