किती वाजता गेला होतात?

आमच्या मोठ्या बाई घड्याळ वापरत नसत, पण समोरच्याला वेळ विचारल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकत नसे. स्वयंपाकिणीने "डाळ करपली" म्हटलं, की "किती वाजता?" शिपायाने "साहेब भेटले नाहीत" सांगितलं, की "किती वाजता गेला होतास?" रिमांड होममधली मुलं पाठीमागे त्यांना 'किती-वाजले बाई' म्हणत.

चिंचवडला मी त्यांच्या हाताखाली लागलो. पकडून आणलेल्या मुलांच्या घरी जाऊन अहवाल लिहायचा, हे माझं काम. मूल घरी सोडायचं की काही वर्षं लांबच्या सुधारशाळेत धाडायचं, हे न्यायालय त्यावरून ठरवी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच; त्यामुळे अहवाल इतके नटवून लिहीत असे, की बाई म्हणत, "भाऊसाहेब, तुम्ही माझ्यावर लिहावं म्हणून मलाही चोरी करावीशी वाटते."

दहा वर्षांचा दत्ता कारखान्याच्या भंगारातून पितळेचे तुकडे उचलताना सापडला होता. गुरुवारी त्याची तारीख होती. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन लिहिलं : 'दोन्ही वेळा घरास कुलूप. पालकांचे दुर्लक्ष. सुधारशाळेत पाठवावे.'

"किती वाजता गेला होतात?"

"अकराला, बाई. दोन्ही दिवस अगदी वेळेवर."

बाईंनी कपाटातले माझे वर्षभराचे अहवाल काढले आणि मला जमिनीवर दोन गठ्ठे लावायला बसवलं. घरी गेलेली मुलं इकडे, सुधारशाळेत गेलेली तिकडे. चोऱ्या दोन्हीकडे त्याच. भंगार, पेरू, सायकलची घंटी. पण इकडच्या आया दिवसा घरात असणाऱ्या. तिकडे बहुतेक मराठवाड्यातून कंपन्यांत आलेली माणसं, आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर माझ्या वळणदार अक्षरात 'घरास कुलूप'.

"तुमचे आईवडील काय करायचे?"

"धरणाच्या कामावर होते. दोघंही."

"मग तुमचं घर अकराला उघडं असायचं?"

आमची किल्ली शेजारच्या काकूंकडे असे.

त्याच दिवशी पहिली पाळी सुटल्यावर बाईंनी मला पुन्हा धाडलं. दत्ताचे वडील हातपाय धूत होते. "सायेब, सकाळी कुनीबी घरी नसतंय बगा. मी पाळीला, ही खडी फोडायला. लेकरू कवा यील?" आईने न विचारताच त्याची शाळेची वही पुढे केली.

अहवाल नव्याने लिहिला. गुरुवारी दत्ता बापाच्या सायकलवर बसून घरी गेला. मग महिनाभर मी संध्याकाळी त्या जुन्या कुलपांच्या दारांशी जात राहिलो. अर्ज करून काही मुलं परत आणता आली. सगळी नाही, काही बिऱ्हाडंच हलली होती. पुढे प्रत्येक अहवालावर बाई मला एक रकाना हाताने आखायला लावत : 'पालकांची पाळी'.

निवृत्तीनंतर बाई आळंदीला राहायला गेल्या. मला मुलगा झाला तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर दाराला कुलूप. पायरीवर बसून राहिलो. ऊन उतरल्यावर बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"किती वाजल्यापासून बसलात?"

"तीनपासून, बाई."

"आणि काय लिहिलंत? पालकांचे दुर्लक्ष?" असं म्हणत त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि कुलूप उघडलं.